वाईटपणा कोणी घ्यायचा?



आपल्या प्रत्येक शाळेच्या ऑफिसात एक जाड रजिस्टर असतं. कुणी त्याला शेरेबुक म्हणतं, कुणी लॉगबुक. साहेब येतात, वर्गांवर फिरतात, चहा होतो आणि निघताना त्यात चार ओळी लिहिल्या जातात. ‘अध्यापन समाधानकारक. अप्रगत विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. परिसर स्वच्छ.’ खाली सही आणि तारीख. कधी वेळ मिळाला तर मागच्या पाच वर्षांची पानं उलटून बघा. साहेब बदलले, शाई बदलली, शेरा मात्र तोच राहिला. त्यातला एखादा तरी शेरा वाचून आपल्या शिकवण्यात काही बदल झाला का, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारावं.

आजचा विषय हाच आहे. कामाच्या ठिकाणी वरिष्ठाने सहकाऱ्याला खरा अभिप्राय कसा द्यावा आणि स्वतः कसा घ्यावा? कंपन्यांमध्ये याला फीडबॅक म्हणतात, त्यावर मॅनेजर लोकांची शिबिरं होतात. आपल्याकडे मुख्याध्यापक म्हणजे मॅनेजर, हे कुणी म्हणत नाही. पण सहा शिक्षकांकडून काम करून घेणारा माणूस दुसरं काय असतो? फरक एवढाच, की त्यांच्याकडे चुकलं तर मालाचं नुकसान होतं आणि आपल्याकडे चुकलं तर एखाद्या लेकराचं वर्ष जातं.

माझीच एक चूक

दुसऱ्यांना सांगण्याआधी स्वतःचं सांगतो. मी मुख्याध्यापक होऊन वर्ष झालं होतं. शाळेत तिसरीच्या वर्गावर एक तरुण शिक्षक होते. हुशार, वेळेवर येणारे, मुलांत रमणारे. एकदा मी त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसलो. वाचनाचा तास होता. सर एक ओळ वाचायचे, सगळा वर्ग मागून एका सुरात वाचायचा. ऐकायला इतकं छान वाटत होतं, की रस्त्यावरून जाणारा माणूस थांबला असता.

पण मी मागे बसलो होतो, म्हणून मला खिडकीजवळची चार मुलं दिसत होती. त्यांचे ओठ हलत होते, डोळे मात्र पुस्तकावर नव्हते. शेजारच्याचा आवाज ऐकून ती अर्धा क्षण उशिरा तेच म्हणत होती. ती वाचत नव्हती, पाठ म्हणत होती. मला हे कळलं. अगदी स्पष्ट कळलं.

तास संपल्यावर सरांनी विचारलं, “सर, कसा वाटला तास?”

मी म्हणालो, “छान. चालू द्या.”

आणि लॉगबुकात लिहिलं, ‘वाचन सराव नियमित. समाधानकारक.’

का बोललो नाही? नवीन माणूस आहे, उत्साह मोडेल, असं मी मनाला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. मला वाईटपणा घ्यायचा नव्हता. रोज एकत्र डबा खायचा, एकाच मोटरसायकलवर केंद्रावर मीटिंगला जायचं, मग उगाच कशाला? असं करत दोन वर्षं गेली. मुलं पाचवीत गेली.

मग एक दिवस शाळाभेटीत एका मुलाला उभं करून वाचायला सांगितलं गेलं. त्याने पुस्तक उघडलं आणि धडा घडाघडा म्हणायला सुरुवात केली. एक अक्षर चुकलं नाही. फक्त त्याचं बोट ज्या पानावर होतं, त्या पानावर तो धडाच नव्हता. पुढे जे झालं ते लिहीत नाही. मूल रडलं, एवढंच सांगतो.

संध्याकाळी ते तरुण शिक्षक ऑफिसात आले. म्हणाले, “सर, तुम्ही माझ्या वर्गात बसला होतात. तुमच्या लक्षात आलं होतं का?”

मी हो म्हणालो.

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आणि आता काय वाटतंय, सर?”

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालं. आपण जो वाईटपणा टाळतो तो संपत नाही, फक्त दुसऱ्याच्या खात्यावर जातो. माझा वाईटपणा त्या चार मुलांनी घेतला.

आपण हे शिकलेलो आहोत

गंमत म्हणजे, अभिप्राय कसा द्यावा हे आपल्या व्यवसायाला बाहेरून शिकवावं लागत नाही. डी.एड., बी.एड.चे सूक्ष्म पाठ आठवा. वहीवर ते चक्र काढून मार्क मिळवले होते आपण! सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा मिनिटं पुनर्पाठ आणि सहा मिनिटं पुनर्प्रत्याभरण. एकूण ३६ मिनिटं. सूक्ष्म अध्यापनाची कल्पना १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पुढे आली आणि आपल्याकडे हे ३६ मिनिटांचं रूप रूढ झालं.

त्या चक्राकडे आता नोकरीच्या अनुभवातून पुन्हा बघा. एका वेळी एकच कौशल्य असायचं. प्रश्न विचारणं म्हणजे प्रश्न विचारणंच, तेव्हा फळ्यावरच्या अक्षराबद्दल कुणी बोलायचं नाही. अभिप्राय लगेच मिळायचा, सहा महिन्यांनी नाही. सगळ्यात जास्त वेळ बोलण्याला नव्हता, तर ऐकलेलं पचवून नवीन आखणी करायला होता. आणि तोच पाठ पुन्हा घ्यायची संधी मिळायची. चूक सांगितली आणि विषय संपला, असं तिथे नव्हतंच.

नोकरी लागली आणि हे चक्र बंद पडलं. पुढची तीस वर्षं फक्त पाठ, पाठ आणि पाठ. प्रत्याभरणाच्या जागी शेरा आला. शेरा कागदासाठी असतो. अभिप्राय माणसासाठी असतो. दोन्ही लागतात, पण एकाचं काम दुसरा करू शकत नाही.

“मी तोंडावर बोलतो” म्हणजे खरेपणा नव्हे

इथे कुणी म्हणेल, आमचे साहेब तर फार स्पष्टवक्ते आहेत, कुणाचीही भीड ठेवत नाहीत. असे साहेब मीही पाहिले आहेत. “तुम्हाला शिकवताच येत नाही”, “पगार कशाचा घेता?” हे वाक्य तोंडावर बोललं म्हणून खरं होत नाही. त्यात माहिती काय आहे? उद्या सकाळी वर्गात गेल्यावर त्या शिक्षकाने नेमकं काय वेगळं करायचं, ते त्यातून कळतं का? नाही. कळतं एवढंच, की साहेब चिडले आहेत.

क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या जुन्या अभ्यासांचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने फीडबॅकचा फायदा दिसला. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम सुधारायच्या ऐवजी खालावलेलं आढळलं. त्यांचं म्हणणं असं, की लक्ष कामावरून हटून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं, की फीडबॅकचा उपयोग कमी होतो. आपल्याला हे वर्गातून माहीत आहे. ‘तू ढ आहेस’ म्हटल्यावर गणित सुटत नाही. ‘हातचा घ्यायचा राहिला’ म्हटल्यावर सुटतं.

म्हणून मी आता स्वतःसाठी एक साधा नियम केला आहे. जे डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं, तेवढंच आधी बोलायचं. “तुमचं वर्गावर नियंत्रण नाही” हा माझा निष्कर्ष झाला. “वीस मिनिटांत तुम्ही अकरा प्रश्न विचारले आणि नऊ उत्तरं पहिल्या दोन रांगांतून आली” हे दिसलेलं झालं. निष्कर्षावर माणूस भांडतो. दिसलेल्या गोष्टीवर विचार करतो. बहुतेक वेळा पुढचं वाक्य त्याचंच येतं, “अरे हो सर, मागच्यांना विचारायचं राहूनच जातं.”

त्या तिसरीच्या तासानंतर मला बोलायचं होतं ते एवढंच होतं: “सर, खिडकीजवळची चार मुलं पुस्तकाकडे न बघता म्हणत होती. उद्या त्यांना एकेकट्याने, न शिकवलेला उतारा वाचायला देऊन बघू या का? मी पण येतो.” वीस-पंचवीस शब्द. ते बोलायला मला दोन वर्षं पुरली नाहीत.

काही गोष्टी अनुभवाने कळल्या

पहिली गोष्ट, जागा. मुलांसमोर नाही, पालकांसमोर नाही आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही. ‘काही शिक्षक अजून माहिती भरत नाहीत, ही खेदाची बाब आहे’ असा मेसेज ग्रुपवर टाकला, की ज्याचं चुकलं तो सोडून बाकी सगळे दुखावतात. एकाला सांगायचं असेल तर एकालाच सांगावं.

दुसरी गोष्ट, आधी विचारावं. “आजच्या तासात तुम्हाला स्वतःला काय जमलं असं वाटतं? कुठे अडलं?” निम्म्या वेळा आपल्याला जे सांगायचं असतं ते समोरचाच सांगतो. मग आपल्याला फक्त मदत करायची उरते.

तिसरी गोष्ट, स्तुतीही खरी हवी. ‘छान’, ‘उत्तम’, ‘कीप इट अप’ हे शब्द आपण इतके वापरले की ते झिजले. चूक जशी नेमकी सांगायची, तसं चांगलंही नेमकंच सांगावं. “भागाकार शिकवताना तुम्ही मुलांना खरोखरचे चिंचोके वाटायला लावलेत, म्हणून बाकी म्हणजे काय ते त्यांना हातात दिसलं.” असं ऐकलेला शिक्षक पुढच्या वर्षी चिंचोके विसरणार नाही. आणि चूक सांगण्याआधी तोंड गोड करायचं म्हणून स्तुती करू नये. लोक हुशार असतात. “तुमचं काम चांगलंच आहे...” असं म्हणताच ते पुढच्या ‘पण’ची वाट बघायला लागतात. मग खऱ्या स्तुतीवरचाही विश्वास जातो.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जे त्या माणसाच्या हातात नाही, त्याचा ठपका त्याच्यावर ठेवू नये. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर मुलं निघून जातात. अशा वर्गाच्या शिक्षिकेला ‘उपस्थिती वाढवा’ असा शेरा देणं सोपं आहे, पण ते प्रामाणिक नाही. किती मुलं थांबवता येतील, कुणाची आजी गावात आहे, परत आलेल्या मुलांचा राहिलेला भाग कधी भरून काढायचा, हे तिच्याबरोबर बसून बोलणं म्हणजे अभिप्राय. ‘यात तुमची चूक नाही’ हे सांगणं हासुद्धा खरा अभिप्रायच आहे, आणि तो फार कमी लोकांना मिळतो.

वेळ कुठून आणायचा, असं माझे मुख्याध्यापक मित्र विचारतील. पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, मीटिंगा आणि वर स्वतःचा वर्ग. मान्य आहे. मलाही सगळ्यांच्या वर्गात रोज जाता येत नाही. मी पंधरा दिवसांतून एकदा एकेका वर्गात वीस मिनिटं बसतो आणि त्याच दिवशी दहा मिनिटं बोलतो. तेही कधी कधी चुकतं. पण वर्षाच्या शेवटी एकदम बोलण्यापेक्षा हे बरं.

आता घेण्याची बाजू

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, गुरुजी सुधारले. तसं नाही. देणं थोडं जमलं, घेणं फार उशिरा जमायला लागलं.

एका मीटिंगमध्ये मी मोठ्या मनाने म्हणालो, “माझ्याबद्दल कुणाला काही सांगायचं असेल तर मोकळेपणाने सांगा.” सगळे गप्प. एकाने चहा मागवला. मला वाटलं, म्हणजे सगळं ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आमच्या सर्वांत ज्येष्ठ बाई ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “सर, काल विचारलंत म्हणून सांगते. परिपाठाला रांग वाकडी झाली की तुम्ही माइकवरून आम्हाला बोलता. मग दिवसभर पोरं आमचं ऐकत नाहीत.”

मी काय केलं असेल? दहा मिनिटं खुलासा केला. शिस्तीचं महत्त्व, गावकऱ्यांचं लक्ष, माझा तसा हेतू नव्हता, वगैरे. बाईंनी शांतपणे ऐकलं, “बरं सर” म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर कित्येक महिने मला कुणीही काही सांगितलं नाही. बाईंनी तर नाहीच.

तेव्हा कळलं, की खालच्या माणसाने वरच्याला खरं सांगणं ही एकदाच होणारी परीक्षा असते. आपण पहिल्या वेळी कसे वागतो यावर दुसरी वेळ येणार की नाही ते ठरतं. त्याला बदली दिसत असते, रजेचा अर्ज दिसत असतो, गोपनीय अहवाल दिसत असतो. एवढं सगळं ओलांडून बाई दारात आल्या होत्या आणि मी त्यांना भाषण दिलं. मी खोटं काहीच बोललो नव्हतो, पण त्या वेळी खुलासा नको होता, एक साधं “बरं झालं सांगितलंत” पुरेसं होतं.

पुढे एकदा मधल्या सुट्टीत मी त्यांच्या वर्गात गेलो आणि म्हणालो, “बाई, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. मी ऐकून घेतलं नाही.” त्या हसल्या. आता परिपाठाला माझा हात माइककडे गेला की त्या दुरून फक्त चष्मा नीट करतात. तो आमचा सिग्नल आहे. दोनदा वेळेवर लक्षात आला, एकदा नाही.

‘काही सूचना आहेत का?’ हा प्रश्न आता मी विचारत नाही, त्याचं उत्तर कायम ‘नाही’ असतं. त्याऐवजी विचारतो, “या आठवड्यात माझ्यामुळे तुमचं कोणतं काम अडलं?” या प्रश्नाला उत्तर येतं. मग ते लिहून घेतो आणि पुढच्या आठवड्यात त्याचं काय केलं ते सांगतो. काहीच करता आलं नसेल तर तेही सांगतो.

गोपनीय, पण कुणापासून?

आपल्या नोकरीत लेखी अभिप्रायाचं नावच मुळी ‘गोपनीय अहवाल’. म्हणजे माझ्या कामाबद्दलचं मत माझ्यापासूनच गुप्त! याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. सीमा रस्ते विभागातल्या या अभियंत्यांना एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी ‘अति चांगला’ लागत होता. शेरा वाईट नव्हता म्हणून तो त्यांना कळवलाच गेला नव्हता आणि बढती हुकली. न्यायालयाने सांगितलं, की वाईट असो वा चांगला, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच मत कायम ठेवलं.

कायद्याने एवढं केलं. पण कायदा शेरा कळवायला लावू शकतो, वेळेवर बोलायला लावू शकत नाही. माझं स्पष्ट मत आहे, की मार्चमध्ये अहवालात जे लिहायचं आहे, त्यातलं एकही वाक्य त्या शिक्षकाला नवीन वाटता कामा नये. नवीन वाटलं, तर चूक त्याची कमी आणि माझी जास्त.

आणि शेवटी आपल्या मुलांच्या नोंदी

साहेबांचा शेरा ठोकळेबाज असतो, अशी तक्रार आपण सगळेच करतो. जरा आपल्या नोंदवहीकडे वळू या. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद करायची. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना किती चांगली! आणि आपण काय केलं? तयार नोंदींची पीडीएफ मिळवली आणि हजेरीच्या क्रमाने उतरवली. ‘वर्गात सक्रिय सहभाग घेतो. वाचनात सुधारणा आवश्यक.’ मीही केलं आहे, नाकारत नाही. त्या खिडकीजवळच्या चार मुलांच्या प्रगतिपत्रकावर काय लिहिलेलं होतं, ते मी नंतर काढून बघितलं. ‘स्पष्ट उच्चारात प्रकट वाचन करतो.’

इस्रायलमधल्या रूथ बटलर यांचा १९८८ चा एक अभ्यास शिक्षणक्षेत्रात प्रसिद्ध आहे. पाचवी-सहावीच्या काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शब्दांत अभिप्राय दिला आणि काहींना दोन्ही. फक्त अभिप्राय मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांना मात्र शब्दांचा फायदा झाला नाही. गुण दिसले की मूल खालची ओळ वाचत नाही. आपण तरी अहवालात प्रतवारी बघितल्यावर पुढचं कुठे वाचतो?

म्हणजे साखळी एकच आहे. साहेब मुख्याध्यापकाला खरं सांगत नाहीत, मुख्याध्यापक शिक्षकाला सांगत नाही, शिक्षक मुलाच्या वहीत खरं लिहीत नाही. प्रत्येक जण वाईटपणा खाली ढकलतो आणि शेवटी तो सगळ्यात लहान माणसापाशी येऊन थांबतो. त्याच्याखाली ढकलायला कुणी नसतं.

ही साखळी कुठून तरी तोडायची, तर ती वरच्याने तोडावी. कारण वाईटपणा परवडण्याची ताकद त्याच्याकडेच जास्त असते. ज्या हातात गोपनीय अहवालाचं पेन आहे, त्याने आधी तोंड उघडावं आणि त्याहून आधी कान.

ते तरुण शिक्षक आता दुसऱ्या शाळेत आहेत. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला होता. तेही आता मुख्याध्यापक झालेत. म्हणाले, “सर, आज एका मॅडमच्या तासाला मागे बसलो होतो. मुलं एका सुरात वाचत होती.”

मी विचारलं, “मग?”

“मधल्या सुट्टीत बोललो. त्या थोड्या नाराज झाल्यात, सर.”

“होऊ द्या,” मी म्हणालो. “उद्या पुन्हा त्यांच्या वर्गात जाऊन बसा.”